ट्रूडीबाईंचं मुरलेलं पीठ

आमच्या बेसमेंटमध्ये एक कोपरा आहे, त्याला मी शंतनूचं संग्रहालय म्हणते. तिथे एक गिटार आहे, तिची तार तुटली ती तुटलीच. एक स्केटबोर्ड आहे, त्याच्यावर मी आता धुण्याची टोपली ठेवून ढकलत नेते, फार सोयीचा पडतो. पत्त्यांच्या जादूचं सामान आहे, अर्धवट रंगवलेली विमानं आहेत, आणि एक ढोलकीसारखं काहीतरी आहे, ते कुठून आलं हे त्याला स्वतःलाही आठवत नाही. ही सगळी आमच्या चिरंजिवांची वेडं. वेड लागलं की जेवणखाण सुचायचं नाही आणि उतरलं की त्या वस्तूकडे ढुंकून बघायचा नाही.

माझा नवरा मोरेश्वर म्हणायचा, ह्या मुलात चिकाटीच नाही. मी म्हणायचे, वय आहे, होऊ दे. मनातून मलाही धाकधूक होतीच, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे दोन हजार चार साली, पंधरा वर्षांचा असताना, त्याने शाळेत जर्मन घेतलं तेव्हा मी काही फार मनावर घेतलं नाही. इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉय गावात, आपली झाडून सगळी मुलं स्पॅनिश घेतात. मी विचारलं, "जर्मनच का रे?"

"त्यांचे वर्ड्स खूप लांब असतात, आई. इट्स कूल."

मी म्हटलं, घे बाबा. दिवाळीपर्यंत टिकलं तरी मिळवलं.

पण झालं काय, की आमच्या समोरच्याच घरात ट्रूडीबाई राहायच्या. ऐंशीला टेकलेल्या, एकट्या, पाठीने ताठ. लग्न होऊन जर्मनीतल्या न्यूरेनबर्गहून मिशिगनला आल्या त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती, नवरा जाऊनही बरीच. त्यांचं नाव ट्रूडी हॉफमन, पण 'ट्रूडी' म्हणून वडीलधाऱ्या बाईला हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी घरात ट्रूडीबाई म्हणायला लागले. शंतनूने एक दिवस जाऊन त्यांना आपलं शाळेतलं जर्मन ऐकवलं. त्यांनी उत्तर दिलं. त्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, आणि तरी घरी आला तो हवेत.

मग तो रोज तिकडे. शाळेतून आला की दप्तर टाकायचं आणि रस्ता ओलांडायचा. मी विचारायचे, काय करता रे दोघं? तर म्हणे स्वयंपाक. इथे माझ्या स्वयंपाकघरात हा मुलगा फ्रिज उघडून उभा राहायचा आणि 'खायला काही नाहीये' म्हणायचा, आणि तिकडे जाऊन कांदे चिरत होता. मला राग आला, थोडा आनंदही झाला, आणि त्या दोन्हींचं काय करावं ते कळेना.

ऑक्टोबरमध्ये एकदा तो घरी आला तर अंगाला गोड्या मसाल्याचा वास. मी चक्रावलेच. विचारलं तर म्हणे आज त्यांनी नाताळच्या लेबकूखनचं पीठ भिजवलं. लेबकूखन म्हणजे मधाची मऊ मसालेदार बिस्किटं, बोटभर जाड, वरून साखरेचा पातळ थर. मसाल्यात दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ आणि धणे.

"धणे? बिस्किटात?"

"आई, डोन्ट जज."

पुढचं ऐकून तर मी खुर्चीतच बसले. हे पीठ आज भिजवायचं आणि भाजायचं थेट डिसेंबरात. मध, पीठ आणि मसाला, बस. दोन महिने ते गार जागी नुसतं मुरत ठेवायचं. दगडासारखं घट्ट होतं, व्हायलाच हवं. मग भाजायच्या दिवशी त्यात फुगवायचं काय असतं ते घालायचं, रगडून रगडून मऊ करायचं, की अशी चव येते की ताज्या पिठाला ती जन्मात येत नाही. ट्रूडीबाईंची आई असंच करायची, तिची आईही. ट्रूडीबाई पूर्वी पीठ बेसमेंटमध्ये ठेवायच्या, पण लेकीने त्या वर्षी तिथे कार्पेट घालून हीटिंग करून दिलं होतं, आणि त्यांच्या फ्रिजमध्ये ती भली मोठी बरणी मावेना. म्हणून शंतनूने विचारलं, आपल्या गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवू का?

आता आपल्या माणसांच्या गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज असतोच. मी म्हटलं, ठेव. चांगली लोणच्याच्या बरणीसारखी तपकिरी दगडी बरणी होती, वर फडकं बांधलेलं. मोरेश्वरलाही सांगितलं, अरे, अनारशाच्या पिठासारखं आहे, मुरतंय, हात लावू नकोस. तो तेव्हा क्रिकेट बघत होता. 'हं' म्हणाला. क्रिकेट बघतानाच्या त्याच्या 'हं'ला काही अर्थ नसतो हे लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बरणी भरून थोडं पीठ उरलं होतं म्हणे, आणि ट्रूडीबाईंचा पिवळा मोठा बोल, म्हणजे खोलगट वाडगा, तोही शंतनूबरोबर इकडे आला होता. तो परत द्यायला निघाला तेव्हा मी नागपूरला माझ्या बहिणीशी फोनवर बोलत होते. कॉलिंग कार्डाची मिनिटं संपत आली होती, तरी तेवढ्यात ओरडलेच, "बोल रिकामा नेऊ नकोस रे." आमच्या घरात हा नियम आहे. कुणाचं भांडं आलं की परत जाताना त्यात काहीतरी घालायचं. काही नसेल तर चमचाभर साखर. शंतनू चालायला लागल्यापासून हे ऐकतोय. तो "हो हो" म्हणाला आणि गेला. काय घालून नेलं कुणास ठाऊक, मी पुन्हा फोनकडे वळले.

आणि ह्याच नियमावरून माझं नि ट्रूडीबाईंचं एकतर्फी वाजलं होतं, तेही सांगते. दिवाळीला मी त्यांना फराळाचा डबा दिला. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, सगळं घरचं. तीन दिवसांनी त्यांनी डबा परत आणून दिला. घासूनपुसून लख्ख, तोंड दिसेल इतका. मी उघडला तर आत हवा. त्या दाराशी तोंडभरून लाडवांचं कौतुक करत होत्या आणि माझं लक्ष त्या रिकाम्या डब्यात. मोरेश्वर म्हणाला, त्यांच्यात पद्धत नसेल. मी म्हटलं, नसू दे, चिमूटभर साखर घालायला पद्धत कशाला लागते. तो म्हणाला, तुझं काही खरं नाही.

तर सांगायचं काय, की दिवाळी आली आणि गेली, आणि शंतनूचं वेड उतरलं नाही. उलट वाढलं. डिसेंबरच्या सुरुवातीला ट्रूडीबाई त्यांच्या मेलबॉक्सपाशी बर्फावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर. त्यांची लेक कॅरन ओहायोहून फोनवर म्हणाली, मॉम, ह्या वर्षी राहू दे, बिस्किटं आपण दुकानातून आणू. ट्रूडीबाई म्हणाल्या, का म्हणून? पीठ तयार आहे, मुलगा तयार आहे. आणि शंतनूला म्हणाल्या, आता हात तुझे आणि तोंड माझं.

त्या दिवसापासून पोरगं बदललंच. रविवारी माझ्याजवळ येऊन उभा राहिला, म्हणाला, "आई, मला लाटायला शिकव. सगळीकडे सेम जाड पाहिजे." मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग रोज संध्याकाळी पोळ्या लाटायचा. बिस्किटं कापायचा साचा वापरून बघायचा म्हणून हृदयाच्या आकाराच्या पोळ्या करायचा, आणि मोरेश्वर त्या मुकाट्याने भाजीशी खायचा. एकदा म्हणाला, "ह्याच्यात कॉलेज अ‍ॅप्लिकेशनला काही फायदा होईल का?" मी म्हटलं, गप जेव. मला त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून इतकं बरं वाटत होतं की वाटलं, बाकीचं जग खड्ड्यात गेलं तरी चालेल, हे एक नीट होऊ दे.

आता मोरेश्वरबद्दल. माणूस सोन्यासारखा आहे. पण त्याला दोन सवयी आहेत. एक म्हणजे, इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी काही विचारलं की हात वर करायचा. त्या वर्षी मंडळाच्या स्नेहमेळाव्याचं सगळं श्रीखंड त्याने आपल्या गळ्यात घेतलं, म्हणजे आमच्या. दुसरी सवय, फ्रिज साफ करणे. शिळं काही दिसलं की त्याच्या अंगात येतं. त्याच्या घरी लहानपणापासून कडक शिस्त, मळलेली कणीक रात्रभर ठेवायची नाही म्हणजे नाही, उरली तर गाईला. इथे गाय नाही, म्हणून कचऱ्याच्या डब्याला. मी रात्री कणकेचा गोळा डब्यात घालून ठेवते तेव्हा तो माझ्याकडे असा बघतो की जणू मी घरात भूत बोलावलंय.

स्नेहमेळावा रविवारी होता. गुरुवारी संध्याकाळी मी नाटुकल्याच्या तालमीला गेले होते, शंतनू लायब्ररीत, आणि हा दह्याचा चक्का टांगायला जागा करायला एकटा गॅरेजमध्ये.

शुक्रवारी दुपारी शंतनू शाळेतून आला तो थेट गॅरेजमध्ये गेला. शनिवारी भाजायचं होतं, त्याआधी पीठ रात्रभर बाहेर काढून ठेवायचं होतं. मी त्या दिवशी ऑफिसातून लवकर आले होते, चहा टाकत होते.

"आई, माझं पीठ कुठंय?"

"खालच्या खणात. बरणी दिसत नाही का एवढी मोठी?"

"नाहीये. नुसतं दही आहे. एव्हरीव्हेअर दही."

मी गेले. खरंच, फ्रिजभर चक्क्याची गाठोडी. आणि कडेला, धुण्याच्या मशीनशेजारच्या सिंकपाशी, ती तपकिरी बरणी. उलटी घातलेली. चकचकीत.

मोरेश्वरला ऑफिसात फोन लावला. तो मोठ्या उत्साहात म्हणाला, "अगं हो, तुला सांगायचंच राहिलं. काय अवस्था झाली होती त्या बरणीची, नुसता दगड. चमचा रुतेना. गरम पाणी घालून, खरवडून खरवडून काढलं सगळं. माझी नखं दुखतायत अजून. बघ, नव्यासारखी केली ना?"

"कुठे टाकलंस?"

"कुठे म्हणजे? कचऱ्यात. आज शुक्रवार, ट्रक घेऊनही गेला असेल."

ट्रक सकाळीच येऊन गेला होता. शंतनू माझ्याजवळच उभा होता, त्याला सगळं ऐकू गेलं. मला वाटलं, आता आदळआपट करेल. पूर्वी स्केटबोर्डचं चाक निखळलं तरी दार आपटायचा. पण हा गॅरेजच्या पायरीवर बसला, बरणी उचलून मांडीवर घेतली आणि आत बघत राहिला. मला त्या क्षणी मोरेश्वरचा असा संताप आला की सगळं दही त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं.

मोरेश्वर अर्ध्या तासात घरी आला. तोवर त्याच्या डोक्यात उजेड पडला होता. आल्या आल्या बाहेर जाऊन कचऱ्याचा डबा उघडून बघितला, बिचाऱ्याने तळापर्यंत वाकून. मी मात्र सोडलं नाही. म्हटलं, "तुझ्या आईचं अनारशाचं पीठ महिना महिना डब्यात असतं, ते बरं फेकत नाहीस?"

"त्याला अनारशाचं पीठ म्हणतात हे मला माहितीय. ह्याला काय म्हणतात हे मला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं. तू 'हं' म्हणालास."

तो शंतनूशेजारी पायरीवर बसला.

"इट वॉज सपोज्ड टु बी हार्ड, बाबा," शंतनू म्हणाला. एवढंच.

मग मोरेश्वरमधला इंजिनिअर जागा झाला. त्याचं काम गाड्यांच्या दारांची रबरं तपासण्याचं. ती रबरं गरम पेटीत घालून आठवड्यात दहा वर्षांची म्हातारी करतात. म्हणाला, "आपण आत्ता नवीन पीठ भिजवू. ओव्हन एकदम मंद ठेवू. रात्रभरात दोन महिने काढता येतील. मी कॅल्क्युलेशन करतो."

शंतनूने त्याच्याकडे बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं आणि लगेच गेलं. "बाबा, इट्स नॉट अ डोअर सील."

मग म्हणाला, "मला त्यांना सांगायला पाहिजे. शी इज वेटिंग." आणि उठला.

"तू नाही," मोरेश्वर म्हणाला. "मी सांगणार. मी केलंय."

शेवटी आम्ही तिघेही निघालो. बरणी मोरेश्वरच्या हातात. दारातून बाहेर पडता पडता मी त्याला थांबवलं. जग बुडत असलं तरी माझ्याच्याने भांडं रिकामं जात नाही. साखरेचा डबा काढला आणि बरणीत ओंजळभर साखर घातली. मोरेश्वर म्हणाला, "आत्ता?" मी म्हटलं, आत्ताच.

ट्रूडीबाईंच्या बैठकीत टेबलावर फांद्यांचं कडं होतं, त्यात चार मेणबत्त्या. नाताळच्या आधीच्या दर रविवारी एक जास्त पेटवायची अशी त्यांची रीत, त्यामुळे काही जळून बुटक्या झालेल्या आणि एक अजून कोरी. शेजारच्या खुर्चीवर लाटणं, साचे आणि एक स्वच्छ एप्रन काढून ठेवलेला. शंतनूच्या मापाचा.

मोरेश्वरने बसायला नकार दिला. उभ्यानेच, ऑफिसात चूक कबूल करावी तशा इंग्लिशमध्ये, सगळं सांगितलं. दह्यापासून ट्रकपर्यंत. एक शब्द वगळला नाही, नखांचंही सांगितलं. ट्रूडीबाई ऐकत राहिल्या. प्लास्टरचा हात मांडीवर, चेहऱ्यावर काही दिसेना. मोरेश्वरचं सांगून झालं.

मग त्यांनी बरणी जवळ ओढली आणि आत बघितलं. "ही साखर कशाला?"

मी शंतनूला म्हटलं, तूच सांग. तो खाली बघत म्हणाला, "आमच्याकडे कुणाचं भांडं परत देताना रिकामं देत नाहीत. समथिंग हॅज टु बी इन इट. नेहमी."

"नेहमी?" ट्रूडीबाईंनी विचारलं.

"नेहमी. आई सोडतच नाही."

ट्रूडीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये माझा बोल परत आणलास, तेव्हाही?"

शंतनूने मान वर केली. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. त्याचे डोळे मोठे होत गेले.

"चल," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. आम्ही सगळेच मागे. फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, लोणच्यांच्या बाटल्यांमागे, तो पिवळा बोल होता. वर बशी झाकलेली. शंतनूने बशी उचलली तर आत घट्ट तपकिरी गोळा, नारळाएवढा. बरणीत मावलं नव्हतं ते पीठ. मी रिकामा नेऊ नको म्हटलं म्हणून हाताशी होतं ते ह्याने बोलातच राहू दिलं होतं.

"मला वाटलं, मुलगाच तो, भांडं धुवायचा कंटाळा केला," ट्रूडीबाई म्हणाल्या. "मी मनातल्या मनात तुला आळशी म्हटलं. पण पीठ मी फेकत नाही. युद्धात वाढलेली माणसं आम्ही. म्हटलं असू दे, आणि मग विसरूनच गेले."

मोरेश्वर भिंतीला टेकला. शंतनूने गोळ्यावर बोट दाबलं. बोट रुतलं नाही.

"रॉक," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं ते मी ह्या जन्मात विसरणार नाही. मी बाई आपली पदर नसताना पदराने डोळे टिपायला गेले आणि स्वेटरच्या बाहीने पुसले.

मोरेश्वर लगेच म्हणाला, ह्यात ताजं पीठ मिसळलं तर भरपूर होतील. ट्रूडीबाई म्हणाल्या, "नाही. मिसळलं तर धड हेही राहणार नाही आणि धड तेही. जेवढं आहे तेवढंच."

शनिवारी सकाळपासून शंतनू त्यांच्याकडे होता. मी मधूनच काहीतरी निमित्त काढून जाऊन आले. तो त्या गोळ्यावर मुठी घालून रगडत होता, घामाघूम, आणि ट्रूडीबाई खुर्चीत बसून डाव्या हाताने हुकूम सोडत होत्या, अर्धे जर्मनमध्ये. आश्चर्य म्हणजे त्याला कळत होतं. लाटलं तेव्हा मी वाकून कडा बघितली. सगळीकडे सारखी जाड. न राहवून मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो म्हणाला, "आई, फ्लोअर इज पिठाळ, डोन्ट स्लिप."

एकच ट्रे झाला, तोही पुरता भरला नाही. शंतनूने मोजदाद केली आणि आम्हाला ठणकावून सांगितलं, "हे त्यांच्या फॅमिलीसाठी आहेत. आपण नाही खायचे. बाबा, स्पेशली तू." मोरेश्वरने मान डोलावली. पत्र्याच्या डब्यात नारंगीच्या सालीबरोबर बिस्किटं नाताळपर्यंत मऊ व्हायला ठेवली, आणि तो डबा ट्रूडीबाईंच्याच घरी राहिला. आमच्या फ्रिजवर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता.

चोवीस तारखेला संध्याकाळी त्यांनी आम्हालाही बोलावलं. मी श्रीखंडाचा स्टीलचा डबा नेला. कॅरन, तिचा नवरा, मुलं, सगळी आली होती. जेवायला काय, तर उकडलेली सॉसेजं आणि बटाट्याची कोशिंबीर. आम्हाला वेगळं ऑम्लेट. वर्षाच्या एवढ्या मोठ्या सणाला बटाट्याची कोशिंबीर, मी मनात म्हटलं, पण शंतनूने आधीच दटावून ठेवलं होतं की हीच त्यांची पद्धत आहे, ह्या रात्री साधंच खातात. खाऊन बघितली. मोहरीचा झणका होता, मी दुसऱ्यांदा घेतली.

मग शंतनू लेबकूखनचं ताट घेऊन आला. माणशी एक. कॅरनने एक घास घेतला आणि चावायची थांबली. आईकडे बघितलं. "मॉम, हे तू केलेस," ती म्हणाली. "तुझे आहेत हे."

"ह्याने केलेत," ट्रूडीबाई म्हणाल्या आणि प्लास्टरच्या हाताने शंतनूकडे दाखवलं. पोराचे कान लाल झाले. गिटार, स्केटबोर्ड, जादू, सगळं मला त्या क्षणी भरून पावलं. ट्रूडीबाईंनी मात्र स्वतःचं बिस्किट खाल्लं नाही, नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलं. मला वाटलं, म्हातारं माणूस, झोपताना दुधाबरोबर खातील.

पंचवीस तारखेला सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर घोट्याएवढा बर्फ. ट्रूडीबाई उभ्या, डोक्यावर लोकरी टोपी, एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात माझा श्रीखंडाचा डबा. मागे कॅरन त्यांचा दंड धरून कावलेली, की ही ऐकतच नाही, म्हणे आत्ताच द्यायचा आहे.

मी डबा घेतला. घासूनपुसून लख्ख. सवयीने झाकण उघडलं. आत नॅपकिन, आणि नॅपकिनमध्ये ते एक लेबकूखन. त्यांचं.

"तुमच्या लाडवांचा डबा मी रिकामा आणला होता," ट्रूडीबाई म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही."

दीड महिना मनात धरून बसलेली मी बाई, त्यांना दारातच मिठी मारली. प्लास्टरचा हात मध्ये आला, तरी मारली.

त्या गेल्यावर आम्ही तिघं ओट्यापाशी उभे राहिलो. मी सुरी आणली, पण शंतनूने ती बाजूला ठेवली आणि बिस्किट हाताने मोडलं. मऊसूत तुटलं. मोठा तुकडा त्याने मोरेश्वरपुढे धरला. मोरेश्वर दोन्ही हात मागे घेऊन म्हणाला, "नको रे, मला नको. मी कोणत्या तोंडाने खाऊ?"

"ह्याच तोंडाने," शंतनू म्हणाला आणि तुकडा त्याच्या ओठांपाशी नेला. "चाव, बाबा. दगड नाहीये."

मोरेश्वरने तोंड उघडलं. चावत राहिला, खूप वेळ, डोळे मिटून. मग गॅरेजमध्ये गेला आणि फ्रिजचा खालचा खण पुसायला लागला. मी विचारलं, आता हे काय नवीन? तर म्हणाला, "ऑक्टोबरला बरणी कुठे ठेवणार? आत्तापासून जागा करून ठेवतो."